'मंत्र' शब्दाची फोड नेमकी कशी करायची?

बालाघाटी

राम कृष्ण हरी मंडळी. गावातल्या अखंड हरिनाम सप्ताहाची स्मरणिका निघायलीय. तिच्यात 'मंत्र म्हणजे काय' अशी अर्ध्या पानाची चौकट आहे. मजकूर असा आलाय : "मन + त्र. त्र म्हणजे तारणे. जो मनाला तारतो तो मंत्र." प्रवचनातही हेच असतं, मोबाईलवरही हेच फिरायलंय. व्याकरणाला धरून आहे का ते छापायच्या आधी जाणकारांनी सांगावं. दुसरी शंका, लेखात मंत्र, श्लोक, स्तोत्र, अभंग हे चारही शब्द एकमेकांच्या जागी वापरलेत. चालतं का? मजकूर शुक्रवारी छापखान्यात द्यायचाय.

धातुपाठ

व्याकरणाला धरून नाही. 'मनस्' या सकारान्त शब्दाला त्रै (राखणे, तारणे) धातूचं 'त्र' जोडलं तर 'मनस्त्र' होईल, 'मन्त्र' होणार नाही. आतपत्र (उन्हापासून राखणारं, म्हणजे छत्री), तनुत्र (अंग राखणारं, म्हणजे चिलखत) हे त्रै धातूचे खरे शब्द. त्यांत पहिलं पद जसंच्या तसं दिसतं. 'मंत्र'मध्ये 'मनस्' दिसत नाही, नुसता 'मन्' दिसतो.

सरळ फोड अशी : मन् हा धातू (मन्यते, मनुते : विचार करणे, जाणणे) आणि पुढे 'त्र' हा प्रत्यय. या प्रत्ययाचा अर्थ 'ज्याच्या योगे ती क्रिया होते ते साधन'. नी (नेणे) पासून नेत्र, शस् (कापणे) पासून शस्त्र, स्तु पासून स्तोत्र, पा (पिणे) पासून पात्र, यम् (आवरणे) पासून यंत्र, तन् (ताणणे, पसरणे) पासून तंत्र. त्याच रांगेत मंत्र : ज्याच्या योगे मनन होतं ते. पाणिनीने ३.२.१८२ या सूत्रात नी, शस्, स्तु वगैरे धातूंना करणार्थी ष्ट्रन् (म्हणजे हाच साधनाचा 'त्र') सांगितलाय. त्या यादीत मन् नाही. तिथे उणादीतलं (पाणिनीच्या जोडीच्या प्रत्ययसूत्रांतलं) 'सर्वधातुभ्यः ष्ट्रन्' लावतात.

यास्काचं निरुक्त (वैदिक शब्दांचा अर्थ लावणारा जुना ग्रंथ) ७.१२ मध्ये दोनच शब्दांत उरकतं : 'मन्त्रा मननात्'. तारण्याचा तिथे उल्लेखही नाही.

गोदाकाठचा

पण 'मननात् त्रायते इति मन्त्रः' हे संस्कृत वचन आहेच ना? ते काय कुणी व्हॉट्सअ‍ॅपवाल्याने रचलं नाही.

धातुपाठ

नाही रचलं, मान्य. तंत्रग्रंथांत ते आहे. कुलार्णवतंत्राचा १७वा उल्लास अशाच निर्वचनांनी भरलेला आहे. देवतेच्या तत्त्वरूपाचं मनन केल्याने सर्व भयांतून तारतो म्हणून मंत्र, असा तिथला आशय. काश्मीरच्या शैवांकडेही मनन आणि त्राण अशी जोडी आहे.

पण निर्वचन वेगळं आणि व्युत्पत्ती वेगळी. निर्वचनात शब्दाचा प्रत्येक तुकडा पकडून त्यातून शिकवण काढतात. 'पुत्र' म्हणजे पुत् नावाच्या नरकातून तारणारा असं मनुस्मृती सांगते, 'क्षत्र' म्हणजे क्षतापासून राखणारा असं कालिदास रघुवंशात सांगतो, 'गायत्री' म्हणजे गाणाऱ्याला तारणारी. 'त्र' दिसला की 'तारणे' काढायचं हा जुना ठरलेला मार्ग आहे. त्यात खोटेपणा नाही, फक्त शब्द तसा *घडला* असं म्हणू नये. चौकटीत 'तंत्रशास्त्र मंत्राचा अर्थ असा लावतं' असं लिहा आणि बिनधास्त छापा.

निरुक्त_वाचक

धातुपाठ सरांचं बरोबर आहे, पण परंपरेतलीच दुसरी व्युत्पत्ती त्यांनी सोडली. चुरादिगणात (धातूंच्या दहा गटांपैकी एक) 'मत्रि गुप्तपरिभाषणे' असा वेगळा धातू आहे. मत्रि इदित् (ज्यातला इ नुसती खूण असतो असा) असल्याने 'इदितो नुम् धातोः' (७.१.५८) या सूत्राने मध्ये न् येतो आणि मन्त्र् होतो. मन्त्रयते म्हणजे गुप्त बोलणे, खलबत करणे. त्याला घञ् (धातूपासून नाम बनवणारा प्रत्यय) लावला की मन्त्र.

या बाजूला एक भक्कम पुरावा आहे, तो म्हणजे लिंग. करणार्थी 'त्र'चे बहुतेक शब्द नपुंसकलिंगी. मराठीतही ते शस्त्र, ते पात्र, ते यंत्र, ते तंत्र, ते स्तोत्र. आणि तो मंत्र. घञन्त शब्द पुल्लिंगी असतात, तेव्हा मत्रि + घञ् घेतलं की लिंगाची अडचणच राहत नाही.

धातुपाठ

लिंगाचा मुद्दा चांगला काढला. तरी मला घञ् पटत नाही, दोन कारणांनी.

एक, चुरादिगणात सूत्र, मूत्र, चित्र असेही 'धातू' आहेत. सूत्रयति, मूत्रयति, चित्रयति. हे उघडच नामांवरून बनलेले आहेत, आधी सूत्र आणि मग सूत्रयति. मन्त्रयते त्याच घरातलं. नामापासून निघालेल्या धातूतून परत तेच नाम काढणं म्हणजे लेकराच्या पोटी बाप.

दोन, हा शब्द वेदाहून जुना आहे. अवेस्तेत (पारशांच्या धर्मग्रंथात) तो 'मांथ्र' या रूपात येतो, पवित्र वचन याच अर्थाने. तिच्यातल्या गाथांमध्ये जरथुष्ट्र स्वतःला 'मांथ्रन्' म्हणवतो. तिथेही मांथ्र पुल्लिंगीच आहे. म्हणजे मन् + त्र ही घडण आणि तिचं पुल्लिंग हे दोन्ही भारत-इराणी शाखा फुटण्याच्या आधीचं. पाणिनीच्या प्रत्ययांनी ते मागाहून समजावून सांगायचं, एवढंच.

मांजराकाठ

घ्या, आता शुक्रवारपर्यंत काय आवरत नाही हे. बालाघाटी भाऊ, 'मन् + त्र, मननाचं साधन' एवढंच घाला अन् मोकळे व्हा.

निरुक्त_वाचक

अवेस्तेच्या पुराव्यापुढे घञ् टिकत नाही, ते मान्य. पण 'गुप्त बोलणे' हा अर्थ टाकून देऊ नका. मंत्राचा अर्धा संसार त्याच्यावर आहे.

ऋग्वेदाच्या शेवटच्या सूक्तात (१०.१९१.३) 'समानो मन्त्रः समितिः समानी' आहे. तिथे मंत्र म्हणजे जपायचं वचन नव्हे, विचारविनिमय. १.६७ मध्ये मात्र 'हृदा यत्तष्टान्मन्त्राँ अशंसन्' असं येतं, हृदयाने तासून घडवलेली वचनं. एकाच ग्रंथात दोन्ही अर्थ नांदतात.

पहिल्या अर्थातून मंत्री निघाला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात (१.१५) मंत्राधिकार नावाचं प्रकरणच आहे. तिथे मंत्राची पाच अंगं दिलीत : कामाला हात घालायचा उपाय, माणसं आणि द्रव्य यांची तजवीज, स्थळकाळाची वाटणी, संकट आलं तर उतारा, आणि कार्यसिद्धी. पोपट-मैनांनी आणि कुत्र्यांनीसुद्धा मंत्र फोडल्याचं ऐकिवात आहे, म्हणून पाखरालाही दिसणार नाही अशी जागा निवडा, असं तो बजावतो. आपण 'गोष्ट षट्कर्णी झाली' म्हणतो ते 'षट्कर्णो भिद्यते मन्त्रः' यातलंच : सहा कान, म्हणजे तिसरा माणूस आला की मंत्र फुटला. कानमंत्र, मंत्रणा, आमंत्रण, निमंत्रण सगळी त्याच फांदीवरची.

मुंबईतल्या सचिवालयाचं 'मंत्रालय' झालं तेही मराठवाड्याच्याच शंकरराव चव्हाणांच्या पहिल्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात. तिथला 'मंत्र' हा कौटिल्याचा, जपमाळेचा नव्हे.

मांजराकाठ

आमंत्रणावरून सांगतो. आपल्याकडे जेवायचं आवतन असतं ना, ते आमंत्रणच आहे. दोन स्वरांमधल्या म चा व झाला (ग्राम-गाव, नाम-नाव), 'न्त्र'चा आधी 'ंत' अन् मग 'त' झाला. आमंत्रण, आमंतण, आवंतण, आवतण. हिंदीतला न्योता निमंत्रणातून आला तोही याच वाटेनं. गावाकडं 'आवतन' म्हणलं की लोक अडाणी समजतात, अन् पत्रिकेवर 'निमंत्रण' छापतात. दोन्हीत मंत्रच हाय.

दुधनाकाठची

मांजराकाठ दादा, तुमच्या यादीत जातंही घाला. दळायचं जातं म्हणजे यंत्र. य चा ज (यव-जव) आणि न्त्र चा त, मागचा स्वर लांबून. अंत्र-आतडं हे तसंच. याच नियमाने मंत्राचं 'मात' व्हायला हवं होतं, पण झालं नाही. हा शब्द पोथीवाल्यांच्या तोंडी कायम राहिला, त्यामुळे झिजला नाही. लोकांनी फक्त जोडाक्षर फोडून 'मंतर' केलं, आणि त्यावरून मंतरणे, मंतरलेलं पाणी.

आणि एक. वरच्या चर्चेत मंत्र म्हणजे संस्कृतच असं धरून चाललंय. आमचा जैनांचा णमोकार मंत्र प्राकृतात आहे. पाच पदं, अक्षरं ७, ५, ७, ७, ९ अशी मिळून ३५. पुढची फलश्रुतीची चार पदं धरली की नऊ पदं आणि ६८ अक्षरं. 'णमो अरिहंताणं'ची पूर्वरूपं ओडिशातल्या खारवेल राजाच्या हाथीगुंफा लेखात सुरुवातीलाच आहेत, आणि पुणे जिल्ह्यातल्या पाले इथल्या लेण्याच्या लेखातही 'नमो अरहंतानं' आहे. त्यात कुठल्याही एका तीर्थंकराचं नाव नाही, मागणंही नाही, फक्त पाच पदांना नमस्कार.

नांदेडला शिखांत तर 'मूल मंतर' हेच रूढ नाव आहे. गुरू ग्रंथ साहिबचा आरंभच त्याने होतो. पंजाबीत मंतर हा अडाणी उच्चार नव्हे, प्रमाण शब्द आहे.

वेरूळवाट

बौद्धांबद्दल भर घालतो. वेरूळच्या ६ आणि ८ क्रमांकाच्या लेण्यांत महामायूरीची मूर्ती आहे. मोर शेजारी असतो म्हणून पर्यटक तिला सरस्वती समजतात. ही सर्पविषावरच्या रक्षावचनाची देवता. अशा वचनांना 'धारणी' म्हणतात, धृ (धरून ठेवणे) वरून. मंत्र आखूड, धारणी लांब, असा ढोबळ फरक. आजच्या आपल्या बुद्धविहारांत त्रिशरण-पंचशील म्हणतात त्याला मात्र कुणी मंत्र म्हणत नाही. ती वंदना आहे आणि पंचशील हा नियमांचा स्वीकार. स्मरणिकेत 'बौद्ध मंत्र' असा मथळा देऊन ते छापू नका.

उपकेंद्र

सर्पविषाचा विषय निघालाच आहे, तर आडवं जाऊन लिहितो. 'मंतर टाकून विष उतरतं' असं वाटायचं कारण असं की बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. तिथे मंतरणाऱ्याला फुकटचं श्रेय मिळतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांनी विष सोडलं असेल तर उपाय एकच, प्रतिविष सलाईनमधून. चावलेला हातपाय हलू द्यायचा नाही, आवळून बांधायचा नाही, कापायचा नाही, आणि थेट ग्रामीण रुग्णालय. मण्यार चावल्यावर सूज-वेदना जवळजवळ नसतात, त्यामुळे 'उतरलं' म्हणून घरी नेतात आणि पहाटे श्वास थांबतो. लाल विंचवाचं वेगळं : घाम, उलटी, गार पडलेले हातपाय दिसले की धोका हृदय-फुप्फुसाला असतो. त्यावर प्राझोसिन गोळीचा वापर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केला.

साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

बालाघाटी

सगळ्यांचे आभार. मंत्र, श्लोक, स्तोत्र, अभंग याचं कुणी सांगेल का? आणि मंत्रपुष्पांजली पूर्ण छापायचीय, ती तपासून मिळाली तर बरं.

निरुक्त_वाचक

मीमांसकांची (वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांची) व्याख्या कोरडी आहे पण उपयोगी. जैमिनी (२.१.३२) : 'तच्चोदकेषु मन्त्राख्या'. कर्म करताना त्या कर्माची आठवण करून देतो तो मंत्र. वेदातला उरलेला, विधी सांगणारा भाग तो ब्राह्मण. मंत्रांचे तीन प्रकार : अर्थाप्रमाणे पाद पडलेली ती ऋचा, गाऊन म्हणायचं ते साम, उरलेलं गद्य ते यजुस्. ऋचांचा समूह म्हणजे सूक्त.

श्लोक म्हणजे छंदोबद्ध पद्य, मुख्यतः अनुष्टुभ. स्तोत्र म्हणजे स्तुतीची रचना, तिच्यात बरेच श्लोक. अभंग हा मराठी छंद आणि त्यातली रचना. मंत्राला मात्र छंद असो नसो, ऋषी, छंद, देवता आणि विनियोग (कशासाठी वापरायचा ते) सांगावे लागतात. गणपती अथर्वशीर्ष सगळ्यांना पाठ असतं, त्यातच बघा : 'गणक ऋषिः, निचृद्गायत्री छन्दः, गणपतिर्देवता', आणि मग 'ॐ गं गणपतये नमः'. म्हणजे अथर्वशीर्ष हे उपनिषद आणि मंत्र त्याच्या पोटात. 'निचृद्' म्हणजे एक अक्षर कमी. प्रसिद्ध गायत्री मंत्रही (ऋग्वेद ३.६२.१०) तसाच. 'तत्सवितुर्वरेण्यं'ची अक्षरं सातच भरतात, म्हणून छंदासाठी 'वरेणियं' असं म्हणून २४ पुरी करतात. 'ॐ भूर्भुवः स्वः' या व्याहृती आहेत, त्या मोजणीत येत नाहीत.

मंत्रपुष्पांजलीची गंमत अशी की तिच्यात ऋचा एकच, 'यज्ञेन यज्ञमयजन्त देवाः'. 'राजाधिराजाय' तैत्तिरीय आरण्यकातलं, आणि 'स्वस्ति साम्राज्यं'पासून पुढचं ऐतरेय ब्राह्मणातलं, राज्याभिषेकाच्या प्रकरणाचं. जैमिनीच्या हिशोबाने पुढचा बराच भाग मंत्रच नाही!

चुका नेमक्या इथे होतात. 'परिवेष्टारो मरुत्तस्य अवसन् गृहे' हवं, लोक 'मारुतस्य' म्हणतात. हा वारा किंवा मारुती नव्हे, अविक्षिताचा मुलगा मरुत्त राजा. म्हणूनच पुढे 'आविक्षितस्य' येतं. 'समन्तपर्यायी स्यात्' इथे थांबा, मग 'सार्वभौमः'. 'एकराळिति' म्हणजे एकराट् + इति. दोन स्वरांच्या मध्ये आल्याने ट् चा ड् आणि ऋग्वेदी उच्चारात ळ् झालाय, त्यामुळे 'एकराडिति'ची दुरुस्ती करू नका.

गोदाकाठचा

आणि चूक झाली तर काय होतं? 'इन्द्रशत्रु'ची गोष्ट ऐकवतील आता.

निरुक्त_वाचक

ऐकवतो, कारण तिच्यात व्याकरण आहे. वृत्र या असुराच्या जन्मासाठी 'इन्द्रशत्रुर्वर्धस्व' म्हणायचं होतं, 'इंद्राला मारणारा वाढो'. शेवटच्या अक्षरावर उदात्त (उंच स्वर) दिला तर तत्पुरुष, इंद्राचा मारणारा. पहिल्या पदावर दिला तर बहुव्रीही, ज्याचा मारणारा इंद्र आहे तो. अक्षर एकही बदललं नाही, स्वर सरकला आणि मारणारा मेला. पद, क्रम, जटा, घन हे पाठ त्यासाठीच रचले. जटेत दोन पदं सुलट-उलट-सुलट : तत्सवितुः, सवितुस्तत्, तत्सवितुः. असं म्हटलं की एकही पद गळत नाही, संधीही झाकला राहत नाही.

बाकी, मंत्रांना अर्थच नसतो असं म्हणणारा कौत्सही निरुक्तातच भेटतो (१.१५). यास्काचं उत्तर : आंधळ्याला खांब दिसत नाही, हा खांबाचा दोष नव्हे.

कपिलधार_वाट

नाममंत्रांबद्दल कुणी बोललं नाही. आपल्याकडे लातूर, नांदेड, बीड भागात लिंगायत घरांत षडक्षरी चालते. 'नमः शिवाय' ही पाच अक्षरं तैत्तिरीय संहितेच्या रुद्रातली (४.५.८), तिला ॐ लावला की सहा. अष्टाक्षरी 'ॐ नमो नारायणाय' आणि द्वादशाक्षरी 'ॐ नमो भगवते वासुदेवाय' यांत ॐ धरूनच मोजतात. पंचाक्षरीत धरत नाहीत. जांबच्या समर्थांची 'श्रीराम जय राम जय जय राम' तेरा अक्षरांची.

ही मोजणी पुरश्चरणाला लागते. अक्षर तितके लाख जप, त्याच्या दशांश हवन, त्याच्या दशांश तर्पण, मग मार्जन, मग भोजन. पंचाक्षरीला ५ लाख, ५०,०००, ५,०००, ५०० आणि ५०. माळ १०८ मण्यांची असली तरी हिशोबात १०० धरतात, वरचे ८ चुकलेल्या जपापोटी सोडतात. म्हणून लाखाला १,००० माळा. कॅल्क्युलेटरवर १०८ ने भागून ९२६ काढतात आणि तिथेच थांबतात, ते नियमाला धरून नाही. 'राम कृष्ण हरी'ला यातलं काहीच लागत नाही. तुकोबांनी स्वतःच्या अभंगात त्याला 'मंत्र' म्हटलंय, पण वारकरी त्याचं पुरश्चरण करत नाहीत.

छापखाना_परळी

बालाघाटी, शुक्रवारचं काम आमच्यासारख्याकडेच येणार, तर हे आधीच बघून पाठवा.

'नमः'च्या आधी चतुर्थी लागते. गणेशाय, शिवाय ठीक, पण 'गुरुवे नमः' चूक, गुरवे हवं. तसंच विष्णवे. देवींची नावं तर हमखास चुकतात : तुळजाभवान्यै, योगेश्वर्यै, सरस्वत्यै, रेणुकायै. 'भवानीय नमः' छापलेल्या पत्रिका ढिगाने बघा. जमत नसेल तर 'श्री तुळजाभवानी प्रसन्न' छापा, ते मराठीच आहे, विभक्ती लागत नाही.

'नमो शिवाय' छापू नका. पुढे मृदू व्यंजन किंवा अ असेल तरच नमः चं नमो होतं (नमो नारायणाय, नमो भगवते). श कठोर आहे, तिथे विसर्ग राहतो.

आता टंकनाचं. विसर्गाऐवजी कोलन मारलेलं असतं. पडद्यावर सारखं दिसतं, पण कोलन अक्षराला चिकटत नाही, ओळ तुटली की 'नम' वर आणि दोन टिंबं खाली जातात. अवग्रहाऐवजी (ऽ) इंग्रजी एस मारतात, फॉन्ट बदलला की 'श्लोकोऽभिगीतो'च्या मधे तो एस उघडा पडतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की ॐ आणि ळ सगळ्यात आधी बिघडतात, तेव्हा 'एकराळिति' मुद्रितात डोळ्यांनी वाचा. आणि मंत्रपुष्पांजली फोटोतून उतरवून पाठवू नका, टाईप करून पाठवा. फाईल गुरुवारी संध्याकाळपर्यंत आली तर दोन मुद्रितं होतील, शुक्रवारी आली तर एकच.